संथ विमानांचा उपयोग

पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानांनी ड्रोन पाडणे ही निव्वळ नाइलाजाची कसरत आहे, हे आपले मत मला अर्धेच पटते. शाहेद-१३६ हा स्फोटके घेऊन लक्ष्यावर आदळणारा इराणी बनावटीचा ड्रोन ताशी साधारण १८० किलोमीटर वेगाने उडतो. त्याच्यामागे जेट लढाऊ विमान धाडले, तर वेग जुळवतानाच वैमानिकाची दमछाक होते आणि महागडे क्षेपणास्त्र स्वस्त लक्ष्यावर खर्ची पडते. युक्रेनने २०२४ मध्ये याक-५२ हे पिस्टन इंजिनाचे दोन आसनी प्रशिक्षण विमान टेहळणी ड्रोनच्या शेजारी नेले आणि मागच्या आसनावरील सैनिकाने कॅनोपी (डोक्यावरचे पारदर्शक झाकण) सरकवून बंदुकीने तो ड्रोन पाडला. (आपल्याकडे द्राक्षबागेत गोफणीने पाखरे हाकणारा राखणदार आठवतो खरा.) मात्र स्फोटके भरलेल्या ड्रोनच्या इतके जवळ जाणे जिवावर बेतू शकते, शिवाय रात्री तो दिसणेच कठीण, म्हणून उष्णता टिपणारा कॅमेरा आणि जमिनीवरील रडारकडून मिळणारी दिशा यांशिवाय हे जमणार नाही. आपल्या नाशिकच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) एचटीटी-४० या टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणाऱ्या) प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादन लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. त्याला या कामासाठी सज्ज करण्याचा विचार जरूर व्हावा, पण हवाई दलाने प्रशिक्षणासाठी मागवलेली ७० विमाने आधी त्याच्या हाती पडू द्यावीत.