नववीचं भित्तिपत्रक दुसऱ्याच दिवशी उतरवलं. बातमी नेमकी चुकली कुठे?

पंचवटीच्या बाई:

नमस्कार मंडळी. मी पंचवटीतल्या एका शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते, यंदाचं सतरावं वर्ष. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आपल्या उपयोजित लेखनात बातमीलेखन असतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. दर वर्षी शंभर-सव्वाशे वह्या तपासते आणि दर वर्षी तीच बातमी वाचते. वृक्षारोपण उत्साहात संपन्न. प्रमुख पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, मोलाचं मार्गदर्शन लाभलं, आभार मानले, पसायदान झालं. सतरा वर्षांत एकाही वहीतलं एकही रोप वाळलेलं नाही! मागे एका मुलाच्या वहीत मी समासात लाल पेनाने विचारलं, ‘गेल्या वर्षीच्या रोपांचं काय झालं?’ पठ्ठ्याने दुसऱ्या दिवशी त्याखाली लिहून आणलं, ‘तीही उत्साहात वाढत आहेत.’ हसू आलं, पण रात्री जरा वाईटही वाटलं. मुलांना बातमी लिहायला शिकवते आहे की प्रेसनोट, हेच कळेना.

म्हणून यंदा ६ जानेवारीला, पत्रकार दिनाला, नववीचं भित्तिपत्रक काढायचं ठरवलं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली याच दिवशी निघालं, एवढं मी सांगितलं. नाव मुलांनीच ठेवलं, ‘खडू’.

डिसेंबरभर तयारी चालली. रोज घरून निघताना स्टॉलवर तीन वेगवेगळी वर्तमानपत्रं घ्यायची आणि एकाच विषयाचे तीन मथळे फळ्यावर एकाखाली एक लिहायचे, एवढंच. एके दिवशी कांद्याची बातमी होती. एकाचा मथळा ‘कांदा पुन्हा रडवणार’, दुसऱ्याचा ‘कांद्याला अखेर भाव’, तिसऱ्याचा ‘कांदा तेजीत’. मी म्हटलं, फरक सांगा. मागच्या बाकावर निफाडकडचा एक मुलगा आहे, एरवी तोंड उघडत नाही. तो उठून म्हणाला, “बाई, कोणाला रडवणार? माझ्या मामाला तर दोन वर्षांनी हसवलं.” वर्ग शांत. पक्षपात म्हणजे काय, हे याहून चांगलं मला तासभर बोलूनही सांगता आलं नसतं.

आता मुद्द्यावर येते. ‘खडू’च्या पहिल्या अंकात दोन मुलींनी पाण्याच्या टाकीवर बातमी केली. मधल्या सुट्टीत उभं राहून त्यांनी नळ मोजले. एकूण चौदा, त्यातले चालू पाच. मथळा दिला ‘पाण्यावाचून विद्यार्थ्यांचे हाल’. अंक जिन्यापाशी लागला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, मला म्हणाले, “बाई, तपासणी तोंडावर आली आहे, हे काय लावलंय?” मी काही बोलले नाही. मुली रडल्या.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, पुढे काय करू? दुसरी, ‘पक्षपात’ म्हटलं की पालकांना लगेच राजकीय पक्ष आठवतात. एका वडिलांनी तर फोन करून विचारलं की बाई, तुम्ही कोणत्या बाजूच्या? हा विषय मुलांपुढे कोणत्या शब्दांत मांडू?

निवृत्त टेबल:

बाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी नाशकातल्याच वर्तमानपत्रांत एकतीस वर्षं उपसंपादक होतो. बाहेर फिरून बातम्या आणणारा नव्हे, दुसऱ्यांनी आणलेल्या कापणारा. त्यामुळे सवयीने विचारतो. त्या मुलींनी मोठ्या सरांची प्रतिक्रिया घेतली होती का?

नसेल, तर ती बातमी मीही परत पाठवली असती. अंक उतरवायला नको होता, ते चुकलंच. पण ‘हाल’ हा मथळा आणि बातमीत ज्याच्याकडे नळाचं काम आहे त्याचा एकही शब्द नाही, म्हणजे कांद्याच्या मथळ्यात जी चूक तुम्ही दाखवलीत तीच मुलींनी केली की हो. मोजले ते नळ, छापले ते हाल. ‘चौदापैकी नऊ नळ बंद’ लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला तहान आपोआप लागली असती.

पक्षपात हा शब्द सोडून द्या. आमच्या टेबलावर तो कधी कोणी उच्चारलाही नाही. आम्ही क्रियापदांवरून भांडायचो. एखादा अधिकारी ‘म्हणाला’, ‘सांगितले’, ‘दावा केला’, ‘कबूल केले’, ‘सारवासारव केली’. वाक्य तेच, माणूस पाच वेळा बदलतो. मुलांना एक वाक्य द्या आणि ही पाच क्रियापदं लावून पाहायला सांगा. ‘पाण्याची मोटार दुरुस्तीला दिली आहे, असे मुख्याध्यापकांनी सांगितले’ आणि ‘असे मुख्याध्यापकांनी कबूल केले’. दुसऱ्यात सर चोर झाले!

दुसरं म्हणजे कर्ता शोधायला लावा. ‘लाठीमार झाला’, ‘झाडे तोडण्यात आली’, ‘निधी परत गेला’. कोणी केला, कोणी तोडली, कोणामुळे गेला? मराठीत अशा कर्ता गाळलेल्या वाक्यांमागे लपायला फार जागा आहे. व्याकरणाच्या तासाला प्रयोग शिकवताच ना, तिथेच घ्या. पालकांना फोन करायला निमित्तही उरणार नाही.

मत असू नये असं मात्र शिकवू नका. आगरकरांचं टिळकांशी पटेनासं झालं तेव्हा ते १८८७ साली ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. मत उघड्यावर मांडायचं असेल तर अग्रलेख आहे. बातमीच्या पोटात मत लपवून वाढणं, ही लबाडी.

कळवणकर सर:

कोणाला वाईट वाटेल, पण लिहितो. मी दहावीचे क्लासेस घेतो. बोर्डाच्या पेपरात बातमीला शीर्षक, शिरोभाग, तपशील एवढं नीट आलं की गुण मिळतात. ‘उत्साहात संपन्न’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण मी कधी गेलेले पाहिले नाहीत. नळ मोजणाऱ्या मुलीला परीक्षक काय देणार? नववीतल्या मुलांना कशाला या भानगडीत घालायचं? शिवाय बाईंची नोकरी आहे, ते तरी बघा.

निफाडकर:

सर, गुणांचं तुम्ही बघा, मी कांद्याचं सांगतो. बाई, तुमच्या वर्गातला तो पोरगा बरोबर बोलला. तो आमच्या गावचा असला तर त्याला माझ्याकडून पेढा द्या.

आम्ही लासलगावला माल नेतो. बाजार समितीच्या फलकावर रोज तीन भाव लागतात, किमान, कमाल आणि सरासरी. समजा क्विंटलला किमान ७००, कमाल २,८५१, सरासरी १,९००. दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं? ‘कांदा तीन हजारांच्या उंबरठ्यावर’. अहो, तो २,८५१ एका ट्रॅक्टरला मिळालेला असतो, सगळ्यात वर जो निवडक माल होता त्याला. गोल्टी, म्हणजे बारका कांदा, घेऊन आलेला माणूस ७०० ने देऊन, भाड्याचा हिशोब करत घरी गेलेला असतो. खोटं कोणीच छापलं नाही. तीन खऱ्या आकड्यांतला एक उचलला, झालं. वर क्विंटलचा भाव आणि किलोचा भाव शेजारी शेजारी कोणी लिहीत नाही. १,९०० म्हणजे किलोला १९ रुपये. शहरातल्या माणसाला १,९०० ऐकून घाम फुटतो आणि तो तिकडे ४० ने घेत असतो. मधले २१ कोणाचे, ही बातमी मी अजून शोधतोय.

डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली तेव्हा टीव्हीवर ‘ग्राहकांना दिलासा’ हे दोन शब्द सारखे फिरत होते. लाल कांदा काही साठवणीच्या चाळीत टिकत नाही. काढला की विकावा लागतो, नाहीतर सडतो. आमच्याकडे नेमका तोच निघत होता. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तेव्हा माझा लाल केव्हाच मातीमोल गेला होता. दिलासा कोणाचा, एवढं विचारायला पोरं शिकली तरी पुष्कळ.

बाजार समितीचा एका आठवड्याचा भावफलक मुलांना द्या आणि मथळे त्यांनाच करू द्या. अर्ध्या वर्गाला शेतकरी करा, अर्ध्याला गिऱ्हाईक. गणिताचे सरही खूश होतील.

मेनरोड:

निफाडकरांच्या आठवडाभराच्या फलकाला जोडून एक. मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशकातूनच ६ तारखेला निघाला होता आणि १२ ला आझाद मैदानावर पोहोचला. सुमारे १८० किलोमीटर. त्या वेळी मी कॉलेजला होतो आणि वाचनाची सवय सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, लागलेली, तिथे बसून रोज वाचायचो. कुठे मोर्च्यात ३० हजार लोक, कुठे ५० हजार. कुठे बातमीचं पहिलंच वाक्य वाहतुकीच्या कोंडीचं, कुठे पायाला आलेल्या फोडांचं. शेवटच्या रात्री ते दहावीच्या मुलांची परीक्षा बिघडू नये म्हणून झोप सोडून अंधारात चालले, हे एका ठिकाणी ठळक चौकटीत होतं, दुसरीकडे आत कुठेतरी एका ओळीत. तुमची मुलं तेव्हा लहान होती, त्यामुळे कोणाची बाजू घेऊन बसलेली नसतील. जुन्या विषयावर भांडणं कमी होतात.

आणि हजारांचा आकडा आला की एकच प्रश्न विचारायला सांगा, मोजलं कोणी? पोलिसांनी, आयोजकांनी, की गच्चीवरून बघणाऱ्याने?

न छापलेल्या बातमीचंही काहीतरी घ्या. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला तो याच कारणाने, की बाकीच्या पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागाच नव्हती. बाई, तुमच्या शाळेपासून काळाराम मंदिर चालत जाण्यासारखं असेल. २ मार्च १९३० ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, हे वर्गात किती जणांना ठाऊक आहे, हात वर करायला सांगून बघा.

निवृत्त टेबल:

कळवणकर सर, तुमचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, साचा यायलाच हवा. आम्हीही ‘संपन्न’ छापत आलो. रात्री साडेदहाला पान लावायचं असतं, हातात सात प्रेसनोटा असतात आणि प्रत्येकीत दीपप्रज्वलन. पण निवडणुकीच्या हंगामात ‘अमुक यांना वाढता पाठिंबा’ अशी, खाली बातमीदाराचं नाव नसलेली बातमी दिसली तर मुलाला शंका यायला हवी, की ही बातमी आहे की पैसे भरून आलेली जाहिरात? २००९ च्या निवडणुकांनंतर या पेड न्यूजचा एवढा बोभाटा झाला की प्रेस कौन्सिलला त्यावर अहवाल करावा लागला. वहीतलं ‘मोलाचं मार्गदर्शन’ आणि तो ‘वाढता पाठिंबा’ एकाच घरातले आहेत.

पंचवटीच्या बाई:

सगळ्यांचे आभार. टेबलकाका, तुमच्या पहिल्याच प्रश्नाने मला घाम फोडला. नाही, प्रतिक्रिया घेतली नव्हती, आणि घ्यायला सांगायचं मलाही सुचलं नव्हतं.

सोमवारी दोघी मुलींना घेऊन ऑफिसात गेले. वहीत चार प्रश्न लिहून नेले होते. मोठे सर आधी माझ्याकडे बघून बोलत होते. मी म्हटलं, सर, प्रश्न त्यांचे आहेत. मग ते मुलींकडे वळले. दिवाळीपासून एक मोटार बंद आहे, दुरुस्तीचा अर्ज संस्थेकडे गेला आहे, मंजुरी आलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. (काका, ‘सांगितलं’ लिहिलंय बरं का!) अर्जाची तारीख मुलीने विचारली. सरांनी फाइल काढून दाखवली आणि तिने ती उतरवून घेतली. मग सरच म्हणाले, “पण तुमचे नळ चुकलेत. दोन नळ भांडी धुण्याचे आहेत, ते वरून मुद्दाम बंद ठेवतो.” खाली जाऊन पाहिलं तर खरंच. म्हणजे पिण्याचे बारा, चालू पाच. मुलींची तोंडं पाहण्यासारखी झाली होती.

कळवणकर सर, नोकरीची काळजी केलीत, बरं वाटलं. साचाही घेतेच आहे. शीर्षक, शिरोभाग, तपशील, सगळं जागेवर.

नवीन अंक शुक्रवारी लागला आणि अजून लागलेला आहे. मथळा ‘पिण्याच्या बारापैकी सात नळ बंद, दुरुस्तीचा अर्ज मंजुरीच्या प्रतीक्षेत’. खाली चौकटीत ‘मागील अंकात नळांची संख्या चौदा दिली होती, ती चुकीची होती’ ही ओळ मुलींनी स्वतःच्या नावानिशी लिहिली आहे. मोठ्या सरांनी उभं राहून सगळं वाचलं, काही न बोलता गेले.

आज सकाळी सहावा नळ सुरू झाला. मोटारीचं अजून काही नाही, शिपायाने वॉशर बदलला म्हणे. आता मथळ्यातले ‘सात’ खोडून ‘सहा’ करायचे की पुढच्या अंकापर्यंत थांबायचं, यावरून दोघींचं आपसात बोलणं बंद आहे. निफाडकर, तुमच्या फलकाचा फोटो पाठवाल का? पुढच्या आठवड्यात तेच घेते.

निफाडकर:

उद्या लिलावाला जातोच आहे, येताना काढतो. पेढ्याचं विसरू नका.