देवराईच्या कामासाठी ऑफलाइन उपग्रहचित्र: झूम 18 पर्यंत टाइल्स करूनही पुसट दिसते

प्रश्न (रानवाट):
नमस्कार. मुळशी तालुक्यातील देवरायांची क्यूफील्डमध्ये (मोबाइलवर नकाशा पाहून नोंदी करण्याचे अॅप) नोंद करण्याचे काम आम्ही चौघे करत आहोत. घाटमाथ्याकडे मोबाइलला रेंज नसते, म्हणून सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचे नोव्हेंबरमधील चित्र उतरवून क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत साधारण 40 किलोमीटर लांब-रुंद भागाच्या झूम 10 ते 18 पर्यंतच्या टाइल्स (नकाशाचे लहान चौकोनी तुकडे; झूमचा आकडा जितका मोठा तितके चित्र जवळचे) एका एमबीटाइल्स फाइलमध्ये, म्हणजे सगळ्या टाइल्स एकत्र ठेवणाऱ्या फाइलमध्ये, तयार केल्या. संगणक रात्रभर चालला, फोनमधली जागा संपली, तरीही राईच्या ठिकाणी हिरव्या चौकोनांपलीकडे काही दिसत नाही. भोवतालचे रानही तितकेच हिरवे असल्यामुळे राई कोठे संपते तेच कळत नाही. झूम आणखी वाढवावा का?

उत्तर (नकाशाघर):
वाढवू नये, उलट 14 वरच थांबावे. सेंटिनेल-2 च्या दृश्य पट्ट्यांचा (उपग्रह प्रकाशाचे जे वेगवेगळे रंग टिपतो, त्यांतल्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा) एक पिक्सेल जमिनीवर 10 मीटरचा असतो आणि मुळशीच्या अक्षांशावर झूम 14 चा पिक्सेल सुमारे 9 मीटरचा येतो, म्हणजे चित्रातला सगळा तपशील तिथेच संपतो. पुढच्या प्रत्येक पायरीला टाइल्स चौपट होतात. तुमच्या क्षेत्राला झूम 14 वर सुमारे 300 टाइल्स पुरतात, तर झूम 18 वर एकट्या त्या पातळीला 76 हजारांच्या आसपास लागतात आणि त्यांत तेच पिक्सेल ताणून भरलेले असतात. जवळ गेल्यावर झूम 14 चीच टाइल मोठी करून दाखवण्याचे काम अॅप स्वतः करते. टाइल्स पीएनजीऐवजी जेपीजीमध्ये कराव्यात, आणि त्याआधी क्यूजीआयएसमध्ये चित्राच्या लेयरच्या गुणधर्मांत रिसॅम्पलिंग (चित्र ताणताना मधले रंग ठरवण्याची रीत) ‘बायलिनिअर’, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांचे रंग मिसळणारे, ठेवावे, म्हणजे चौकोनांच्या कडा इतक्या टोचणार नाहीत.

उत्तर (पानगळ):
वरील उत्तर बरोबर आहे, पण माझ्या मते खरी अडचण तारखेची आहे. नोव्हेंबरात पावसाळ्याची ओल टिकून असते, त्यामुळे ऐन, किंजळ आणि राईतली सदाहरित झाडे आकाशातून एकाच रंगाची दिसतात. मार्चअखेर ते एप्रिल या काळातले चित्र घ्या. तेव्हा पानगळीचे रान करडे-तपकिरी झालेले असते आणि राई त्यात हिरव्या ठिपक्यासारखी उठून दिसते. आणखी एक कारण असे की, हा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला आणि बराच खाली असल्याने डोंगरांचे वायव्य उतार सावलीत बुडतात, एप्रिलमध्ये ही सावली पुष्कळ आखडते. वणव्यांच्या धुराने काही दिवस चित्र धुरकट असते, तेव्हा तीन-चार तारखा शेजारी ठेवून निवड करावी. पट्ट्या 8, 4, 3 (अवरक्त, लाल, हिरवा) अशा क्रमाने लाल, हिरव्या व निळ्या जागी लावल्या तर जिवंत पालवी लालभडक दिसते. टाइल्स करणारे साधन पडद्यावर दिसते तसेच चित्र उतरवत असल्यामुळे ही रंगसंगती फाइलमध्येही तशीच येते. एक हेक्टरची राई म्हणजे अवघे 100 पिक्सेल, हे मात्र ध्यानात असू द्या. राईची हद्द शेवटी पायी फिरूनच आखावी लागेल.

उत्तर (सह्यकडा):
झूम 18 चा तपशील हवा म्हणून गूगलच्या उपग्रह टाइल्स घाऊक उतरवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. त्यांच्या अटींत अशा साठवणुकीला परवानगी नाही. सेंटिनेलचे चित्र मुक्त आहे, फक्त कोपर्निकस (युरोपीय संघाचा पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रम) सेंटिनेलची माहिती वापरल्याचा उल्लेख वर्षासह नकाशावर करावा लागतो.

रानवाट:
मनापासून आभार. एप्रिलमधील चित्रावरून पट्ट्या 8, 4, 3 लावून झूम 10 ते 14 च्या टाइल्स केल्या; काम काही मिनिटांत आटोपले आणि फाइल फोनवर सहज मावली. मागच्या आठवड्यात ज्या राईच्या ओढ्याकाठी आम्ही वाट चुकलो होतो, ती आता करड्या उतारावर लाल पट्टीसारखी स्पष्ट दिसते, आणि तिच्या वरच्या अंगाला आमच्या यादीत नसलेला एक लहान लाल ठिपकाही आहे. रविवारी तिथे जाऊन पाहणार आहोत.