मदत हवी आहे: मिनांगकाबाउ गावातली गहाण शेती

मंडळी, इंडोनेशियात पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाउ समाजाच्या शेतकरी गावांवर लिहितेय. तिथे कुळाची, म्हणजे घराण्याची, भातखाचरं आईकडून मुलींकडे जातात, देखरेख मामाकडे. विकायची सहसा नाहीतच. गहाणसुद्धा परंपरेने चारच कारणांसाठी: घरात मयत, उपवर मुलीचं लग्न, गळकं कुळघर, कुळप्रमुखाची नेमणूक. (गळक्या छपराला लग्नाइतकाच मान, हे मला फार आवडलं.)

अडलंय ते पुढे. इंडोनेशियाचा १९६० चा कायदा म्हणतो, ७ वर्षं गहाण राहिलेली शेतजमीन पैसे न घेता परत द्या. पण गहाण घेणारा गावातला, पुष्कळदा नात्यातलाच. मग कायद्यावर बोट ठेवणार कोण? तिथल्या पाडांग, बुकिटिंग्गी या शहरांकडे राहिलेलं कुणी आहे का? रक्कम सोन्यात ठरलेली असेल तर भाव चढल्यावर शेत सोडवतात कसं? ऐकलेलं-पाहिलेलं सांगितलंत तरी चालेल.