किलकिली खिडकी आणि कपाटामागची बुरशी

हिवाळ्यात खिडकी दिवसभर किलकिली ठेवली की घरात बुरशी येत नाही, असं काही जण सांगतात; ते मला अर्धंच पटलं. हवा खेळती हवी, पण किलकिल्या फटीतून हवा जेमतेम बदलते आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गारठते. मग ओल नेमकी तिथेच धरते. मी हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पाचेक मिनिटं सताड उघडतो, दिवसातून दोन-तीनदा. बाहेर पाऊस असला तरी! ० अंशाच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, २० अंशाला सुमारे १७. म्हणजे बाहेरची दमट वाटणारी थंड हवा घरात तापली की कोरडीच होते.

माझ्याकडे बुरशी सापडली ती कपाटामागे, बाहेरच्या भिंतीला. कपाट वीतभर पुढे ओढलं, कपडे खोलीत वाळत घालणं थांबवलं, आर्द्रतामापकाचा काटा ७० टक्क्यांवरून ५५ वर आला. घरमालकाला कळवण्याआधी फोटो मात्र काढून ठेवा, अनामत रकमेच्या वेळी हेच उकरून काढतात.

आणि ऑइल हीटर (आतलं तेल विजेवर तापवणारा) वीज कमी खातो म्हणणाऱ्यांना: २००० वॅटचा कुठलाही हीटर सलग तासभर चालला की २ युनिट जाणारच.