शब्दचर्चा : 'रिव्हर्ब'ला मराठीत काय म्हणावं?

'द क्युअर' या इंग्लिश बँडचा 'डिसइंटिग्रेशन' (१९८९) हा अल्बम म्हणजे माझा जीव की प्राण. सध्या तो अख्खा साध्या गिटारवर, गिरगावातल्या आमच्या चाळीत घरच्या घरी रेकॉर्ड करतो आहे. सोबत मराठीत थोडी माहिती द्यायची आहे. 'कव्हर' (दुसऱ्याचं गाणं आपण नव्याने सादर करणं) या शब्दाला माझी हरकत नाही. 'पुनर्गायन' म्हटलं तर वाजवणं बाहेर राहतं, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२च्या दुरुस्तीपासून 'कव्हर व्हर्जन' असंच म्हटलंय. 'अकूस्टिक'साठी 'ध्वनिक' कोणी बोलत नाही. 'साधी गिटार' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

अडलंय ते 'रिव्हर्ब'पाशी, म्हणजे बंदिस्त जागेत आवाज भिंतींवर आपटून मागे रेंगाळत राहतो त्यापाशी. हा अल्बम उभाच त्यावर आहे. सिंथेसायझरचे लांबलचक सूर, 'कोरस' आणि 'फ्लँजर' हे आवाज बदलणारे इफेक्ट लावलेल्या गिटारी, आणि सगळा बँड एखाद्या रिकाम्या, प्रचंड दालनात वाजवतोय असा भास. पहिल्याच गाण्यात गायकाचा आवाज यायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो, तोवर नुसता हा भास ऐकायचा. साध्या गिटारवर तार छेडली की सूर लगेच विरतो. म्हणून रात्री पंखा बंद करून, दार उघडं टाकून मी दुसरा माइक लाकडी जिन्याच्या वळणावर ठेवतो. गिटार खोलीत वाजते आणि जिन्यातून आलेला आवाज तिच्यामागे मिसळतो. याला 'जिन्यातला प्रतिध्वनी' म्हटलं की डोंगरात हाक मारून ती परत आल्यासारखं वाटतं. तसं ते अजिबात नाही.

प्रतिसाद :
बरोबर आहे, तो प्रतिध्वनी नव्हेच. मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत साधारण ०.१ सेकंदाचं अंतर पडलं तरच कानाला ते दोन वेगळे कळतात. त्यासाठी भिंत आपल्यापासून किमान १७ मीटर अंतरावर हवी. चाळीच्या जिन्यात एवढी जागा कुठून येणार? तिथे परावर्तित आवाज एकात एक मिसळून लांबतात. विज्ञानाच्या पुस्तकात याला 'निनाद' म्हणतात. तयार शब्द आहे, तोच वापरा.

प्रतिसाद :
'निनाद' पुस्तकात ठीक, पण बोलण्यात तो शंखाचा, घंटांचा, जयघोषाचा. त्यात मांगल्य आहे आणि दणदणाटही. या अल्बमची विषण्णता त्यात मावणार नाही.
मी तबला वाजवतो, आमच्याकडचे दोन शब्द सांगतो. डग्ग्यावर थाप मारली की पोटातून जो भरीव आवाज उठतो तो घुमारा. सतारीची तार छेडल्यावर सूर जितका वेळ जिवंत राहतो ती आस. 'या तारेला आस नाही' असं सतारिये म्हणतात. तुमच्या गिटारची अडचण आस कमी असण्याची आहे आणि ती तुम्ही जिन्याकडून भरून घेताय. घुमारा मात्र इथे लावू नका, तो वाद्याच्या पोटातला. खोलीचा किंवा जिन्याचा नव्हे.

प्रतिसाद :
नामाचा हट्ट कशाला? मराठीत हे काम क्रियापद करतं. गाभाऱ्यात आवाज घुमतो, रिकाम्या खोलीत घुमतो. कुणालाही विचारा, असंच म्हणेल.

प्रतिसाद :
थोडं बाजूचं, पण 'द क्युअर'च्या संगीताला लोक 'गॉथिक रॉक' म्हणतात, त्याचा अर्थ देताना 'भुताखेतांची गाणी' असं काही लिहू नका. बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याने तर हे लेबल स्वतःला लावून घ्यायला वेळोवेळी नकार दिलाय. मुंबईकराला गॉथिक म्हणजे राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सीएसएमटी. ओव्हलभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ साली जागतिक वारशात गेल्या. उंच कमानी, उंच छत आणि त्यात घुमणारा आवाज, इतकं सांगितलं तरी वाचकाला हे संगीत कसं ऐकू येतं ते समजेल.
आणि त्या अल्बमात सहा तारांचा 'बेस सिक्स'ही आहे, नेहमीच्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली लागणारा. त्याच्या ओळी तुम्ही जाड तारांवर घेत असाल तर 'खर्ज' हा शब्द सोडू नका.

मूळ प्रश्नकर्ता :
सगळ्यांचे मनापासून आभार. 'आस' माझ्या ध्यानातही नव्हता, आणि मला नेमकं जे म्हणायचं होतं ते त्यात आहे. 'निनाद' नको, हेही पटलं. मजकूर असा करतोय : "साध्या गिटारवर घरी केलेलं कव्हर. खर्जाच्या ओळी जाड तारांवर घेतल्या आहेत. तारेची आस कमी पडते तिथे जिन्यात घुमलेला आवाज जोडला आहे."

प्रतिसाद :
'घुमलेला' म्हणजे घुमून संपलेला. 'घुमणारा' करा.