सोलापुरात यीस्ट कुठं मिळेल? अर्जंट

मंडळी, सुट्टीला आईकडे आलेय, जुळे सोलापूरला. रविवारी भाचीचा वाढदिवस आणि पोरांना आपल्या मंडळाच्या शिबिरातले तेच पाव हवेत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून यीस्टचं पाकीट आणलं, साखरपाण्यात टाकलं, पंधरा मिनिटं झाली तरी फेसाचा पत्ता नाही. मैदा आहे, ओव्हन आहे, अडलंय ते यीस्टवर. सोलापूरकरांनो, पटकन सांगा.
– बेबी

मधल्या मारुतीकडं, बाजारात जा की! आमच्या वेळी काही अडलं की तिकडंच जायचो. नाहीच मिळालं तर इनो घाल. आणि येताना शेंगा चटणी आण, मागच्या वेळची गणपतीआधीच संपली.
– नाना

नाना, इनोनं पाव होत नाही हो. त्यात सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड, पाणी लागलं की लगेच फसफसून मोकळं. ढोकळ्याला ठीक आहे. पावाचं पीठ हळूहळू फुगावं लागतं. बेबी, दुकानं धुंडाळू नकोस, जिथं पाव भाजतात अशा बेकरीत सकाळी लवकर जा आणि ओलं यीस्ट माग, ते फ्रीजमध्ये ठेवतात. फिकट रंगाची वडी असते, बोटानं भुगा होतो. सुक्याच्या तिप्पट वजनानं घे.
– अक्का

पावाची कृती मंडळाच्या फाइलमध्ये आहे, माझ्या आईची. कृपया तीच वापरावी, प्रत्येकाने आपापलं प्रमाण घातलं की काय होतं ते दिवाळीला सगळ्यांनी बघितलंय.
– सेक्रेटरी

कृती उत्तमच आहे, पण ती आपलं मंडळ आहे तिकडच्या थंडीतली. मे महिन्यात सोलापूर चाळिशीच्या वर असतं, त्या प्रमाणात पीठ बघता बघता भांड्याबाहेर येईल आणि पाव आंबूस लागतील. यीस्ट निम्मं कर, पाणी माठातलं घे. आणि बेबी, ते पाकीट कुठल्या पाण्यात भिजवलंस? गच्चीवरच्या टाकीचं नळाचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, इतक्या गरम पाण्यात चांगलं यीस्टसुद्धा मरतं.
– अक्का

माठाचं पाणी वेगळंच, अशोक चौकात आमच्याकडं दोन माठ असायचे, एक फक्त पाहुण्यांसाठी.
– नाना

मिळालं! बेकरीवाल्या मामांनी कागदात बांधून दिलं, पैसे घेईनात, बळंच दिले. माठाच्या पाण्यात मस्त फेस आलाय. यीस्ट निम्मंच घालतेय, बाकी कृती फाइलमधलीच. चटणी कुणाला किती ते मला वेगळं मेल करा, लिस्टवर नको.
– बेबी