प्रतिसाद: इटलीत गाडी चालवायची तर मॉन्टे कसिनो चुकवू नका

वर कुणीतरी विचारलंय की रोम ते नेपल्स ट्रेननं जावं का भाड्याच्या गाडीनं, तर गाडीच घ्या भावांनो, मधे मॉन्टे कसिनो लागतं, डोंगरावरचा जुना ख्रिस्ती मठ. कसिनो गावातनं मठाकडं चढणारा वळणावळणाचा रस्ता बघून बायको म्हणाली, अगं बाई, हे तर पन्हाळ्यावर चालल्यागत! दुसऱ्या महायुद्धात १९४४ ला जानेवारी ते मे चार लढाया झाल्या इथं, मठ बाँबनी सपाट केलता, आत्ता दिसतोय तो नंतर बांधलेला.

खाली वॉर सिमेट्रीत हिरव्या संगमरवरी खांबांवर ज्यांची कबर सापडली नाही त्यांची नावं कोरल्यात, त्यात आपले नाईक यशवंत घाडगे व्हीसी (व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक). मराठा लाइट इन्फन्ट्री, १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले, वय फक्त २२. एवढ्या लांब घाडगे आडनाव वाचलं आणि खरं सांगतो, बोलताच येईना. त्यांच्या नावचं सनडायल (सूर्यघड्याळ) स्मारक मॉन्टोने गावात आहे, पेरुजिया शहराच्या वर, २०२३ ला झालंय. आमचं राहिलं.

आणि हो, आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढूनच जावा. जुन्या गावांत झेडटीएलचा (बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग) बोर्ड दिसला की गाडी बाहेरच लावा, आम्हाला कोल्हापुरात परत आल्यावर चार महिन्यांनी दंडाचा कागद आला 😅